विषय: चार वर्षांच्या मुलीला ड्रॉप्स न टाकताच चुकीच्या नंबरचा चष्मा दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार,

माझी मुलगी टीव्ही बघताना मान वाकडी करायची, म्हणून तिला तुमच्या सेंटरला आणलं. बोर्डवर मुलांचे नेत्रतज्ज्ञ असं लिहिलंय ते बघूनच आणलं, पण डॉक्टर भेटलेच नाहीत. तिथल्या मॅडमनी तिला मशीनसमोर बसवलं, चिठ्ठी निघाली आणि तेवढ्यावरच दोन्ही डोळ्यांना मायनस नंबरचा चष्मा करून दिला. ड्रॉप्स टाकणार नाही का विचारलं तर म्हणे, एवढी लहान मुलं रडतात, कॉम्प्युटरवर नंबर बरोबरच येतो.

तो चष्मा ती डोळ्यावर ठेवायचीच नाही, डोकं दुखतं म्हणायची. तुमच्याकडे फोन केला तर "सवय होईल" एवढंच उत्तर. शेवटी दुसरीकडे, फक्त मुलांचेच डोळे बघणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी तीन दिवस घरी अ‍ॅट्रोपिनचं मलम लावायला दिलं, ताप आला किंवा चेहरा लाल झाला तर बंद करून फोन करा हेही सांगितलं, आणि मग रेटिनोस्कोपने, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून नंबर बघायच्या उपकरणाने, तपासलं. मायनस नाहीच! दोन्ही डोळ्यांना प्लस नंबर आहे, उजव्याला थोडा आणि डाव्याला बराच जास्त, आणि त्यामुळे डावा डोळा आळशी झालाय, लेझी आय म्हणतात तो.

लहान मुलांच्या डोळ्यांची फोकस करायची ताकद खूप असते, मशीनमध्ये बघताना ती नकळत जोर लावतात, त्यामुळे प्लस नंबर लपतो आणि कधी खोटा मायनस येतो. ड्रॉप्सने किंवा मलमाने फोकस करणारा स्नायू सैल पडला की खरा नंबर कळतो. ही गोष्ट मला पालक म्हणून आता माहीत झाली, पण तुमच्या स्टाफला ती आधीपासून माहीत असायलाच हवी होती ना?

दुसरं म्हणजे, जिला अजून वाचता येत नाही तिला अक्षरांचा चार्ट दाखवला, तोही दोन्ही डोळे उघडे ठेवून. एक डोळा झाकला असता तर तिथेच कळलं असतं. चांगला डोळा सगळं काम करतो, मुलाला एका डोळ्याने कमी दिसतंय हे स्वतःला कळतच नाही, ते तक्रार कशी करणार? नव्या डॉक्टरांनी चित्रांचा चार्ट लावला आणि एकेक डोळा झाकून बघितलं.

माझा राग पैशांवरून नाहीये. आळशी डोळ्यावरचे उपचार साधारण सात-आठ वर्षांच्या आत सगळ्यात चांगले लागू पडतात आणि त्यातले महिने तुमच्या चुकीच्या चष्म्यात गेले. आता नवा चष्मा आहे आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची, ती रडते, पट्टी ओढून काढते, आम्ही परत लावतो.

चष्म्याचे पूर्ण पैसे परत हवेत. पण त्याहून महत्त्वाचं, लहान मुलांना ड्रॉप्स टाकून डॉक्टरांनी तपासल्याशिवाय नंबर द्यायचा नाही हा नियम सगळ्या ब्रांचमध्ये लावा आणि तसं मला लेखी कळवा. डॉक्टर नसतील तर सरळ सांगा, पालक दुसरीकडे जातील. आणि ज्या मुलांना असे फक्त मशीनवर नंबर दिलेत त्यांच्या पालकांना फोन करून परत तपासायला सांगा, त्यांचे फोन नंबर तुमच्याकडे आहेत.

दोन्ही प्रिस्क्रिप्शनचे फोटो सोबत जोडलेत. मशीनच्या चिठ्ठीची कॉपी मला पुढच्या तपासणीआधी पाठवा, डॉक्टरांनी मागितली आहे.

एक पालक