आप्पा, तुमचा बैलाचा नाडा परत करायचा आहे

आप्पा,

नमस्कार.

हे पत्र तुमची नात वाचून दाखवेल. सगळ्यांना वाचता येईल असं लिहू का, हे तिला विचारलं होतं. "आबाचं नाव नको, बाकी लिहा," असा तिचा निरोप आला. तुम्हीही त्या दिवशी हेच म्हणाला होतात, "नाव छापू नको, उगं जत्रा भरंल." म्हणून तुमचं नाव नाही, गावाचं नाही, नदीचंही नाही. इगतपुरी तालुका, आणि पुढे दारणा नदीला मिळणारं पाणी, एवढंच.

आषाढातल्या त्या रविवारी आम्ही तिघं गाडीच्या टपावर रंगीत होड्या बांधून आलो तेव्हा तुमची भाताची आवणी चालू होती. गुडघाभर चिखल, पाठीवर प्लास्टिकचा कागद, हातात रोपांची मूठ. मान वर न करताच तुम्ही विचारलंत, "भोकनळचं पोरगं वल्हवायचं, तसलं का हे?" मी म्हटलं, तसलंच, फक्त जरा उतारावरून.

तसलं अजिबात नाही, आप्पा. तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात तेरावा आला, तो सपाट पाण्यावर. शर्यत दोन हजार मीटरची, सरळ रेषेत. वर्षानुवर्षं घाम गाळून तिथे पोचला. आम्ही सुट्टीचे शूर. आठ-नऊ फुटांची प्लास्टिकची होडी, कयाक म्हणतात तिला, तिच्यात कमरेपर्यंत बसायचं, तोंडाशी रबरी झालर ताणून पाणी आत येऊ द्यायचं नाही, आणि नदी खडकांवरून उड्या मारते तिथे तिच्याबरोबर उड्या मारायच्या. होडी उलटली तर डोकं पाण्याखाली असतानाच पॅडल आणि कंबर फिरवून परत सरळ व्हायचं. याला रोल म्हणतात. तो मी गंगापूर धरणाच्या फुगवट्यात, थंड पाण्यात, नाका-कानात पाणी जाईपर्यंत घटवला होता. पुढे कुंडलिका नदी झाली, ऋषिकेशची गंगा झाली. जगभर अशा पाण्याची एक ते सहा अशी प्रतवारी करतात, सहावी म्हणजे जिवाशी गाठ. चौथीतून दोनदा सुखरूप बाहेर आलो आणि आम्हाला शिंगं फुटली.

कुंडलिकेचं पाणी वीजघरातून सुटतं, सकाळी, ठरल्या वेळी. तुमची नदी आभाळातून येते. नाशिक शहरात पावसाळाभर जेवढं पडतं त्याच्या चौपट-पाचपट तुमच्या डोंगरावर कोसळतं. शहरातले लोक पूर गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात, कुठवर बुडाला ते बघून घरी जातात. तुम्ही काठावरच्या उंबराची मुळं दाखवलीत. "तिसरी मुळी बुडाली का नदीला हात लावायचा नाय." दोन बुडाल्या होत्या. तिसरीला पाणी चाटून जात होतं. आणि तुम्ही म्हणालात, "वरच्या पायऱ्यांवरनं काय जायचं ते जा. बंधाऱ्यात उतरू नका. तिथलं पाणी सोडत नाय."

आम्ही "हो आप्पा, हो आप्पा" केलं आणि वळणाआड गेल्यावर हसलो. हे तुम्हाला अजून सांगितलेलं नव्हतं. आभार मानायच्या आधी ते सांगणं भाग होतं.

वरच्या पायऱ्या आम्ही तासभर बघितल्या. काळ्या कातळाचे सात टप्पे, मधे एक कपार अशी की पाणी आत जातं आणि कुठून बाहेर येतं ते दिसत नाही. तिथे होड्या खांद्यावर घेऊन काठाने चाललो. सगळं पुस्तकाप्रमाणे. आणि बंधारा? तो वरून दिसतच नव्हता, नुसती एक गुळगुळीत आडवी रेघ. पाच फुटांचा सिमेंटचा बंधारा, ना खडक, ना आवाज. खाली उतरून बघायचा कंटाळा केला. मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजते आणि पाच फुटांची भिंत मोजायला विसरते.

आता कळतं ते लिहिते, कारण हे वाचणाऱ्या पोरांना कळायला हवं. खडकांचा धबधबा भीती घालतो पण त्याला कुठेतरी फट असते, एखादा प्रवाह बाहेर निसटतो. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ. पाणी सगळीकडून सारखंच कोसळतं, तळाला जातं, काही फूट पुढे उकळी फुटल्यासारखं वर येतं आणि तिथून अर्धं पुढे न जाता उलटं भिंतीकडे वळतं. मधे अडकलेली वस्तू, माणूस असो की लाकडाचा ओंडका, परत भिंतीखाली ओढली जाते, दाबली जाते, वर येते, परत ओढली जाते. फेसात निम्मी हवा असते, त्यामुळे लाइफ जॅकेटही नेहमीसारखं तरंगवत नाही. तुम्ही हे सगळं चार शब्दांत सांगितलं होतं.

आमचा उंच मित्र, ज्याला तुम्ही नंतर लांबड्या म्हणायला लागलात, पहिला गेला. होडी आडवी झाली, दोन गिरक्या, मग होडी एकीकडे आणि तो एकीकडे. मी बंधाऱ्याच्या वरच काठाला लागले होते. पळत खाली आले आणि थ्रो बॅग फेकली. वीस मीटर दोरी पिशवीत भरलेली असते, टोक हातात धरून पिशवी फेकायची. तालमीत दहापैकी नऊ वेळा माणसाच्या छातीवर पडते. त्या दिवशी ती त्याच्या मागे पडली, आणि तो खाली होता. दुसऱ्यांदा फेकायची तर दोरी गोळा करून वेटोळी करावी लागतात. माझी बोटं चालेनात. ओल्या दोरीचा गुंता झाला. तो वर आला, त्याचं तोंड मला दिसलं, आणि माझ्या हातात गुंता होता.

तेवढ्यात तुम्ही आलात. चिखलाचे पाय, खांद्यावर बैलाचा नाडा, आणि त्याच्या टोकाला गोडेतेलाचा पंधरा लिटरचा रिकामा डबा, झाकण घट्ट लावलेला. तो तुम्ही कधी बांधलात? मला वाटतं आम्ही वरच्या टप्प्यांवर असताना आवणी सोडून बंधाऱ्याशी येऊन बसला होतात. विचारलं तर तुम्ही विषय बदललात.

तुम्ही डबा त्याच्यावर नेम धरून फेकला नाहीत. काठाजवळ, उकळीच्या अलीकडे, नुसता सोडलात. पाण्यानेच तो भिंतीकडे ओढून नेला, जसं त्याला नेलं होतं तसाच. बुडाला, उसळला, आणि लांबड्या वर आला तेव्हा डबा त्याच्या हाताशी होता. मग तुम्ही ओरडलात, "आडवं वढा! वर नाय, आडवं!" तुमची वहिनी, आमचा तिसरा आणि मी नाडा धरून काठावर मागे मागे चालत राहिलो, भिंतीला समांतर, आणि तो कोपऱ्यातून सुटून उथळ गोट्यांवर आला. तिथे उभा राहायला लागला तर तुम्ही पुन्हा ओरडलात, "बस खाली! पाय अडकंल!" हा नियम आम्ही पैसे भरून शिकलोय. वाहत्या पाण्यात पाय टेकवायचे नाहीत, दगडात पाऊल अडकलं की पाणी माणसाला पालथं पाडतं. तुम्ही तो कुठे शिकलात?

ते मात्र तुम्ही सांगितलंत, चुलीपाशी. म्हैस गेली होती तिथे, बंधारा झाला त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात. दोन दिवस पाणी तिला घोळवत होतं आणि तुम्ही काठावर बसून बघत होतात. "तवा कळलं पाणी कसं फिरतं ते." एवढं बोलून तुम्ही लांबड्याच्या ताटात आणखी अर्धी नागलीची भाकरी टाकलीत. तो थरथरत होता. तुमच्या घोंगडीला धुराचा वास होता. वहिनींनी कोरा चहा दिला, गूळ घातलेला, आणि माझ्या निळ्या हेल्मेटकडे बघून म्हणाल्या, "ते घमेलं काढ आता डोक्यावरचं." मी हसले आणि मग मला रडू फुटलं. कुणीच काही बोललं नाही, ते फार बरं झालं.

लांबड्या ठीक आहे. त्याच्या आईला अजून अर्धीच गोष्ट माहीत आहे, उरलेली या पत्रातून कळेल. तो परत होडीत बसला, धरणाच्या फुगवट्यात. मी अजून बसले नाही. रात्री कधीकधी तो गुंता हातात असतो. पण त्या स्वप्नात आता शेवटी डबा येतो, आप्पा. त्याचे आभार कसे मानायचे ते कळत नाही, म्हणून इतकं लांबण लावलंय.

तुमची आवणी त्या दिवशी अर्धी राहिली, रोपं उपटून ठेवलेली होती. पैशाचं नाव काढलं तर तुम्ही बैलांकडे निघून गेलात, म्हणून पैशाचं बोलत नाही. पण नाडा बंधाऱ्याच्या कडेला घासून दोन ठिकाणी उसवला, तो मी गाडीत टाकून आणला होता, दुरुस्त करून आणते म्हणून. भद्रकालीतल्या दोरवाल्याने बघितला आणि म्हणाला, हा आता जनावराला लावू नका. नवा घेतला आहे, साठ फुटांचा. तुम्ही म्हणाल पन्नास पुरे होते. दहा फूट बंधाऱ्यासाठी धरा.

जुना मी ठेवून घेतला तर चालेल का?

येत्या रविवारी येतो, होड्या न आणता. तिघांनाही भात लावता येत नाही, वहिनींना आधीच सांगून ठेवा. उंबराची तिसरी मुळी बुडाली असली तरी येतो, रस्त्याने.

तुमची,
निळ्या घमेल्यावाली
नाशिक