गॅरेजवाल्या काकांना अनावृत पत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आभार मानायला घरी आले असते तर "असू दे गं" म्हणून तुम्ही चहा पुढे केला असता आणि विषय तिथंच मिटला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. 2021 च्या महापुरात आमच्या ओढ्याकाठच्या गल्लीतली माणसं वेळेत बाहेर पडली, त्याचं कौतुक गावानं माझं केलं. ते खरं तुमचं आहे, हे निपाणी भागातल्या लोकांना कळलंच पाहिजे.

2020 च्या डिसेंबरात मी ग्रामपंचायतीवर निवडून आले. हार झाले, गुलाल झाला. सदस्य म्हणून नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. पुढच्या जुलैच्या 7 तारखेला अर्जेंटिनाचे एकेकाळचे मोटार शर्यतपटू कार्लोस रॉयटेमान वारले. इकडं त्याची खबरबात कुणाला असणार! पण तुमच्या गॅरेजात पान्यांच्या फळीशेजारी त्यांचा फोटो कित्येक वर्षं चिकटवलेला होता, रद्दीतल्या इंग्रजी मासिकातून कापलेला. स्कूटीचा ब्रेक दाखवायला आले होते, तेव्हा तुम्ही काम बाजूला ठेवून त्यांच्याबद्दल सांगत बसलात.

तुमचा जीवच होता या माणसावर. 1972 मध्ये ब्युनोस आयर्सला, स्वतःच्या देशात, पहिल्याच फॉर्म्युला वन शर्यतीत त्यांनी सुटतानाची सगळ्यांत पुढची जागा पटकावली. पुढं बारा शर्यती जिंकल्या. 1981 ला ब्राझीलमध्ये संघानं फलक दाखवला की जोडीदार अ‍ॅलन जोन्सला पुढं जाऊ दे. यांनी तो मानला नाही आणि शर्यत जिंकली. त्याच वर्षी लास वेगसच्या शेवटच्या शर्यतीत पहिल्या जागेवरून सुटूनही आठवे आले आणि विश्वविजेतेपद एका गुणानं हुकलं. नेल्सन पिके 50, रॉयटेमान 49. हे आकडे सांगताना तुमचा आवाज इतका खाली गेला, जसं काही ते कालच घडलं होतं.

मग ते राजकारणात आले. 1991 मध्ये आपल्या सांता फे प्रांताचे गव्हर्नर झाले, 1999 मध्ये पुन्हा. राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहण्याचा आग्रह झाला, तो त्यांनी नाकारला. शेवटपर्यंत सिनेटर राहिले. एवढं ऐकून मला वाटलं होतं, आता तुम्ही म्हणणार, जिद्द ठेव, मोठी हो.

तुम्ही तसं म्हणाला नाहीत. तुम्ही 2003 सालावर आलात. एप्रिल संपता संपता सालादो नदी फुगली आणि सांता फे शहरात घुसली. शहराचा तिसरा हिस्सा पाण्याखाली, लाखाच्या वर माणसं बेघर, सरकारी आकड्यानं 23 मृत्यू. पुरापासून वाचवणारा बांध होता, पण एका टोकाला त्याचं काम अपुरं राहिलेलं. पाणी तिथूनच आत आलं. गव्हर्नर रॉयटेमानच होते. आपल्याला कुणी आधी सांगितलं नाही, अशी त्यांची बाजू होती. तज्ज्ञांनी मात्र धोक्याची कल्पना दिलेली होती.

आपल्या आवडत्या माणसाबद्दल हे असं सरळ सांगायला मोठं मन लागतं, काका. भिंतीवरचा फोटो काढला नाहीत आणि पुराची गोष्टही गाळली नाहीत. वर मला विचारलंत, "पोरी, तुमच्या ओढ्याचा बांध तू शेवटचा कधी बघितलास?"

दुसऱ्या दिवशी तुम्हीच आलात, पहार घेऊन. वेदगंगेला पूर आला की ओढ्याला फूग येते आणि पाणी उलटं गावात शिरतं, हे 2019 ला आम्ही सगळ्यांनी भोगलं होतं. बांध वरून छान दिसत होता. पाइपलाइनसाठी खोदून बुजवलेल्या जागी तुम्ही पहार रोवलीत, तर ती लोण्यात जावी तशी हातभर आत गेली. खाली नुसता भुसभुशीत मुरूम टाकलेला, दाबलेला नाही. तुम्ही काही बोलला नाहीत. पहार तशीच उभी ठेवून मला फोटो काढायला लावलात.

कन्नडमधला अर्ज तुम्ही लिहून दिलात. मला कन्नड बोलता येतं, कचेरीचं लिहिता येत नाही. प्रत्येक अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यायची, हेही तुम्हीच शिकवलंत. काम करणाऱ्यांनी "पावसाळ्यानंतर बघू" म्हटलं. मग आपणच वाळूची पोती रचली आणि गल्लीतल्या घरोघरी जाऊन सांगितलं, पाणी चढायला लागलं की वाट बघू नका. म्हशी आधी सोडा, कागदपत्रं पिशवीत ठेवा, म्हाताऱ्यांना शाळेत हलवा.

त्याच महिन्यात पाणी आलं. यमगर्णीजवळ महामार्ग बुडाला, वाहतूक थांबली. आमचा बांध बरोबर त्याच जागी खचला. पोत्यांनी पाणी अडलं नाही, पण थोपलं, आणि तेवढ्या वेळात गल्ली रिकामी झाली. दोन भिंती पडल्या. माणूस एकही गेला नाही, जनावरही नाही.

नंतर सत्कार झाला तेव्हा तुम्ही मागच्या रांगेत बसलात आणि नाव पुकारायच्या आत उठून गेलात. त्याची चुटपुट आजही आहे.

काका, मनापासून आभार. तुमच्यामुळं मी दर मे महिन्यात आधी बांधावर जाते, मग बाकीच्या कामांना लागते. बुजवलेली जागा आता दगडी पिचिंग करून पक्की झालीय, पण पलीकडच्या मोरीजवळ माती सुटल्यासारखी वाटते. तुमचे गुडघे दुखतात, ठाऊक आहे. गाडी पाठवते. पहार आमच्याकडे आहे.

काकींना नमस्कार.

तुमची,
वेदगंगेकाठची एक ग्रामपंचायत सदस्या