तुझी डाईक पाझरते

प्रिय मंजे,

दिवाळीपासून पत्र नाही, फोन नाही, तुझ्या मेसेजना नुसते अंगठे. शिव्या घालून घे. माझी कंबर जैसे थे, ह्यांची शुगर आटोक्यात. झालं. आता मुद्द्याचं.

तुझी डाईक पाझरते!

एमएस्सीच्या ट्रिपला साक्रीकडे ज्या काळ्या भिंतीवर उभ्या राहून आपण घसा बसेपर्यंत भांडलो, तशाच एका डाईकला, म्हणजे भेगेत लाव्हा थिजून झालेल्या उभ्या भिंतीला लागून सध्या माझं काम चालू आहे. तू म्हणायचीस, डाईक म्हणजे जमिनीखालचा बांध, पाणी अडवणारच. मी म्हणायचे, गाभा अडवेल गं, पण कडेचा खडक भेगाळलेला असतो, त्यातून पाणी सुटणार. सरांनी वैतागून दोघींना गाडीत वेगवेगळं बसवलं होतं. तर मंजे, मी जिंकले. पण पेढे वाटावेत असं काही नाही.

हायवेवरच्या एका पेट्रोल पंपाची जमिनीतली जुनी टाकी गळत होती. किती दिवस, कोणी सांगत नाही. आम्ही तीन बोअर घेतले, पातळ्या मोजल्या. पाण्याचा उतार दक्षिणेला, पांझरा नदीकडे. टाकीजवळच्या बोअरमध्ये बेलर, म्हणजे पाणी काढायची नळी सोडली, वर आली तर पाण्यावर दोन बोटं पेट्रोल. मुरूम पिशवीत भरून पेट्रोलची वाफ मोजणारा मीटर लावला की आकडा थांबतच नाही. इथवर सगळं पुस्तकातल्यासारखं. दक्षिणेच्या विहिरी मात्र स्वच्छ, आणि वास कुठे? पश्चिमेला, डाईकच्या कडेवरच्या विहिरीत. तिथली आजी मला बघताच म्हणाली, "बेन, पानीले घासलेटना वास येस."

तिच्या मुलाने मात्र मला गाठलं. पेट्रोल वर तरंगतं, मग तळातल्या मोटरीतून वास कसा, म्हणे. आपल्या वर्गात कुणी एवढा चांगला प्रश्न विचारला नव्हता, तू तर नाहीच. मी सांगितलं, पेट्रोल तरंगतं, पण त्यातलं बेंझीन पाण्यात विरघळतं आणि पाण्याबरोबर चालतं. शिवाय हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल. जमिनीतले जंतू आधी त्यावर ताव मारतात, ऑक्सिजन संपवतात, बेंझीन तसंच पुढे जातं.

शिशा मी स्वतः भरल्या. काठोकाठ, उलट्या करून टिचकी मारायची, बुडबुडा दिसला की ती शिशी बाद. लगेच बर्फात. रिपोर्ट आला: जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम, आपलं बेंझीन तिच्या जेमतेम आत.

आणि इथेच माझी झोप उडाली आहे. पंपवाल्यांचा साहेब रोज फोन करतो, "मॅडम, मर्यादेच्या आत एवढंच लिहा ना." तो म्हणणारच, पैसे तो देतोय. पण आजीचा मुलगाही तेच म्हणतो! विहिरीचं नाव रिपोर्टात नको, कांदा त्याच पाण्यावर आहे, बोभाटा झाला तर व्यापारी हात लावणार नाही. टँकर कोण देणार, हे विचारल्यावर साहेब गप्प. दोघंही एकाच ओळीवर राजी, आणि ती ओळ खोटीही नाही. फक्त ती मे महिन्याची आहे. आता पाणी खोल गेलंय, पेट्रोल वरच्या मुरमात चिकटून बसलंय. पाऊस पडला, पाणी वर चढलं की तेच मुरूम धुऊन निघणार. ऑगस्टमध्ये त्या शिशीत काय येईल, तू सांग. कर्करोग करणारी गोष्ट आहे ही, आणि आजी त्याच पाण्याचा चहा मला पाजते. मी पितेही. नाही म्हणायचं कसं?

मी आजीला पिण्यापुरतं गावच्या नळाचं पाणी भरायला सांगून आले. मुलगा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. रिपोर्टात पावसाळ्यात पुन्हा तपासणी आणि डाईकच्या कडेने पश्चिमेला आणखी दोन बोअर मागणार आहे. साहेब म्हणेल, उतार दक्षिणेला असताना पश्चिमेला कशाला? त्याला पटेल असा नकाशा माझ्याकडे नाही. तुझ्या त्या वहीत आहे, रंगीत पेन्सिलीने केलेला, प्रत्येक डाईकची जाडी लिहिलेला. माळ्यावरून काढ आणि पानांचे फोटो पाठव. मी भांडणात जिंकले असले तरी मोजमापं तुझीच चांगली होती, हे लेखी देते, जपून ठेव.

सासूबाईंचा गुडघा झाला का? आणि चिनूने शेवटी सायन्स घेतलं की आर्ट्स? जिऑलॉजी म्हणाली तर मला फोन करायला लाव.

फोटो शुक्रवारच्या आत हवेत.

तुझी,
सुमी