कंपवातावर पीएचडी करणारे घडवा

महोदय,
आमच्या अण्णांची सही बँकेत जुळेनाशी झाली. अक्षर मुंगीएवढं झालं होतं. तेव्हा कुठे डॉक्टर गाठले आणि पार्किन्सनचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालं. हात थरथरू लागेपर्यंत मेंदूतल्या डोपामिन (हालचाली सुरळीत ठेवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशींचा मोठा हिस्सा संपलेला असतो. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन केलं; तरी आजही मुख्य भिस्त लेव्होडोपा या औषधावर, आणि तेही फक्त लक्षणं आवरतं. झीज काही थांबत नाही.

ती थांबवायची तर संशोधक हवेत. आपल्याकडे न्यूरॉलॉजिस्टला ओपीडीतून मान वर करायला फुरसत नसते. उलट या आजारात मेंदूच्या पेशींत साचणाऱ्या अल्फा-सिन्युक्लीन प्रथिनाच्या गुठळ्या तपासणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने शर्टाच्या एका बटणाशी झगडणारा रुग्ण बहुधा पाहिलेलाच नसतो. दोघांचं प्रशिक्षण एकत्र का होऊ नये?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे आणि ॲलोपॅथी, आयुर्वेद दोन्ही त्याच्या कक्षेत येतात. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असतं, हे सर्वमान्य आहे. मग दोन्ही शाखांच्या मार्गदर्शकांखाली मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांवर पीएचडीच्या काही जागा विद्यापीठाने राखाव्यात, विद्यार्थ्यांना काही महिने बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकार संस्थेच्या ब्रेन बँकेत (जिथे दान केलेले मेंदू संशोधनासाठी जपतात) पाठवावं. आणि हो, पाठ्यवृत्ती दरमहा वेळेवर द्यावी. उसनवारी करत कुणी संशोधन करत नाही.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक