माळ्यावरच्या दोन पेट्या : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना सांगलीहून खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

गेल्या रविवारी घरच्या भिंतीवर आम्ही १९३० च्या दशकातला एक अमेरिकी रहस्यपट पाहिला. जेमतेम तासाभराचा, अगदी कमी पैशांत केलेला. खुनाचा छडा पोलिसांच्या आधी वर्तमानपत्राचा वार्ताहर लावतो. खोली तीच, दारही तेच, पण गोष्ट क्षणभर ढिली पडत नाही.

शेजारी माझे वडील, अण्णा. सांगलीतल्या एका टॉकीजचे जुने ऑपरेटर. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला आणि त्यांचा हात आपसूक उठला. रीळ संपत आल्याची ती खूण : पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची, सातेक सेकंदांनी दुसरा दिसला की चेंजओव्हर, म्हणजे चित्र त्या प्रोजेक्टरवर घ्यायचं. इतक्या वर्षांनीही हात विसरलेला नाही.

असे चित्रपट तिकडे आठवड्या-दोन आठवड्यांत उरकत आणि मोठ्या चित्रपटाला जोड म्हणून लावत. २८ वर्षांनी कॉपीराइटचं नूतनीकरण करायचीही अनेकांच्या मालकांना गरज वाटली नाही. त्यातले कितीतरी वाचले ते हौशी लोकांनी १६ मिमीच्या प्रिंटा सांभाळल्या म्हणून. आपल्याकडे देशाच्या पहिल्या बोलपटाची, ‘आलम आरा’ची (१९३१), एकही प्रिंट उरलेली नाही. मग स्वस्तातल्या रहस्यपटांना कोण विचारणार?

आमचं टॉकीज बंद पडलं तेव्हा रिळं भंगारात निघाली. अण्णांनी पदरचे पैसे मोजून दोन पेट्या सोडवल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५), घरात शिरलं, तेव्हा कागदपत्रांआधी त्यांनी त्या पेट्या वर नेल्या. आता झाकण उघडलं की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. ॲसिटेटची फिल्म सडू लागल्याची ती खूण. हे सडणं मागे फिरवता येत नाही, थंड आणि कोरड्या जागी फक्त मंदावतं.

साहेब, पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पण माळ्यावरची पेटी तिथवर पोचवायची कुणी? केंद्राशी बोलून प्रत्येक जिल्ह्यातून रिळं गोळा करणारी गाडी फिरवा. टॉकीज पाडायची परवानगी देण्याआधी प्रोजेक्टरची केबिन आणि गोदाम तपासणं सक्तीचं करा. चित्रपट गाजलेला होता का, हे विचारू नका. आणि हे पावसाळ्याआधी व्हावं, ही कळकळीची विनंती.

अण्णांनी दोन्ही पेट्यांवर खडूने ‘पुणे’ लिहून ठेवलं आहे.

आपला,
एका ऑपरेटरचा मुलगा, सांगली