ताई, आपला रेल्वे इतिहास क्लब तुमच्यामुळे उभा राहिला, म्हणून हे उघड पत्र

प्रिय ताई,

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं तर "अहो कशाला एवढं" म्हणून तुम्ही बाजूला ठेवून दिलं असतं, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. क्लब आता छान चाललाय, लोक येतात, आजोबांचे सर्व्हिसचे कागद, जुनी तिकिटं, फोटो घेऊन येतात, आणि नवीन आलेला प्रत्येक जण विचारतोच की हे सुरू कोणी केलं. मग आमची नावं सांगितली जातात कारण बोलायला आम्ही पुढे असतो. खरं तर ते नाव तुमचं आहे. आणि गंमत म्हणजे तुम्ही रेल्वेवाल्या नाही, घरात कोणी रेल्वेत नव्हतं, इंजिनांचं वेड तर अजिबातच नाही. आयुष्यभर ग्रंथपाल म्हणून काम केलंत आणि तेच आम्हाला हवं होतं, फक्त ते आम्हाला माहीत नव्हतं.

तुमच्याकडे आलो तेव्हा आम्ही फक्त बसायला खोली मागत होतो. आम्ही भेटायचो, वाफेच्या इंजिनांमध्ये डब्ल्यूपी भारी की डब्ल्यूजी यावर तासभर बोलायचो, फोटो दाखवायचो, आणि घरी जायचो. त्यात आनंद होता, अजूनही आहे, पण त्याचा क्लब होत नव्हता, थोड्या भेटी झाल्या की माणसं गळायची. तुम्ही खोली लगेच दिलीत आणि एकच विचारलंत, की तुम्ही उठून गेल्यावर या खोलीत मागे काय राहणार? सगळे गप्प. मग तुम्ही म्हणालात, दर वेळी एक तरी नोंद मागे राहिली पाहिजे, तारखेसकट, कोणी सांगितलं त्याच्या नावासकट, मग ती अर्ध्या पानाची का असेना. आपल्या क्लबची घटना, नियमावली, उद्देश जे काही म्हणाल ते सगळं या एका वाक्यातून निघालं.

पहिली मोठी नोंद आठवतेय ना? विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीच्या एका टाइमटेबलचं फोटोकॉपी केलेलं पान कोणीतरी आणलं होतं आणि आम्ही तेव्हाच्या आणि आताच्या गाड्यांच्या वेळा शेजारी शेजारी मांडत होतो. तुम्ही चष्मा वर करून विचारलंत, "यातले नऊ म्हणजे कोणाच्या घड्याळातले नऊ?" त्या एका प्रश्नावर पुढच्या कितीतरी बैठका गेल्या! इंडियन स्टँडर्ड टाइम लागू झाला 1 जानेवारी 1906 ला. त्याआधी गावोगावचा टाइम सूर्यावर, म्हणजे रेखांश एक अंश बदलला की चार मिनिटांचा फरक, आणि रेल्वे मात्र मद्रास टाइम धरून चालायची कारण मद्रास साधारण मुंबई आणि कलकत्त्याच्या मधल्या वेळेवर पडतं आणि तिथे वेधशाळा होती. मुंबईचा स्थानिक टाइम त्याच्या सुमारे अर्धा तास मागे. म्हणजे शहरातल्या घड्याळात साडेआठ आणि गाडीचे नऊ! आणि हे फक्त आपल्याकडेच नाही, इंग्लंडमध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने 1840 मध्येच लंडनची वेळ आपल्या लाइनवर लावली होती, अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी 18 नोव्हेंबर 1883 ला टाइम झोन सुरू केले, तिथल्या सरकारने तसा कायदा करण्याच्या कितीतरी आधी. एका साध्या प्रश्नातून कळलं की रेल्वेचा इतिहास म्हणजे लोकांच्या घड्याळाचा पण इतिहास आहे. त्या दिवसापासून इंजिनांमध्ये रस नसलेली माणसंही क्लबमध्ये यायला लागली, आणि माझ्या मते क्लब खऱ्या अर्थाने सुरू झाला तो तिथून.

मग तुमचं ते रजिस्टर. प्रत्येक वस्तूला नंबर, कोणाकडून आली, कधी आली, देऊन टाकली की फक्त स्कॅन करायला दिली. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने आणि कडेला, बॉलपेन नाही. चिकटपट्टी नाही. लॅमिनेशन तर नाहीच नाही, कारण ते पुन्हा काढता येत नाही. स्कॅनची मूळ फाइल तशीच जपून ठेवायची आणि वापरायला वेगळी छोटी कॉपी करायची. एकाच घरातून आलेले कागद आपल्या सोयीने विषयवार वेगळे करायचे नाहीत, ज्या क्रमाने आले त्या क्रमाने ठेवायचे, कारण कोणता कागद कशाशेजारी होता हीसुद्धा माहितीच असते. मला यातलं शेवटचं सगळ्यात जास्त पटलंय, एका गार्डच्या पिशवीत ड्युटीची वही आणि पत्रं एकत्र होती म्हणूनच तर पत्रांवर तारीख नसताना ती कधीची ते लावता आलं.

फोटोंचं वय काढायला पण तुम्हीच शिकवलंत, आणि रेल्वेची माहिती आमची असली तरी पद्धत तुमचीच. डब्यावर जीआयपी, म्हणजे मध्य रेल्वेच्या आधीची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, असं लिहिलंय म्हणजे फोटो 5 नोव्हेंबर 1951 च्या आधीचा, असं कोणी म्हटलं की तुम्ही लगेच थांबवायच्या. मध्य रेल्वे त्या दिवशी झाली हे बरोबर, पण सगळ्या डब्यांवरची अक्षरं त्याच रात्री पुसली का? मग आम्ही दुसरा पुरावा शोधायचो. रुळांवर विजेची वायर दिसतेय का, कारण मुंबईत विजेवरची पहिली गाडी 3 फेब्रुवारी 1925 ला धावली, त्याच्या फार आधी वायरचा प्रश्नच नाही. बोरघाटातलं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन वापरात दिसतंय का, कारण तिथे गाडीची दिशा उलटी करून पुढे जायची पद्धत 1863 पासून होती आणि 1929 मध्ये नवीन मार्ग झाल्यावर ती संपली. दोन-तीन खुणा जुळल्या की मगच रजिस्टरमध्ये "अंदाजे" लिहून वर्षं टाकायची. तो "अंदाजे" शब्द तुम्ही आमच्याकडून इतक्या वेळा लिहून घेतलात की आता कोणी तो गाळला तर नवीन मेंबरच टोकतात.

तिकिटांचंही तसंच. ते जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीट आमच्यासाठी जमवायची वस्तू होतं. थॉमस एडमंडसन नावाच्या इंग्लंडमधल्या एका स्टेशन मास्तरने 1830 च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत काढली, त्याआधी क्लार्क प्रत्येक प्रवाशाला हाताने कागद लिहून द्यायचा. तुम्ही तिकीट वाचायला लावलंत. सीरियल नंबर कशासाठी, तर दिवसाच्या शेवटी पहिला आणि शेवटचा नंबर बघून हिशोब लागतो. तारीख छापायची नाही तर मशीनमध्ये दाबून उठवायची, मग एकच छापलेला गठ्ठा महिनोन्महिने चालतो. म्हणजे ते तिकीट अकाउंटचा कागद आहे आणि त्यावरून त्या स्टेशनवर किती माणसं कुठे जायची हे कळू शकतं.

ताई, सगळ्यात मोठं ऋण मात्र मुलाखतींचं आहे. रिटायर झालेली माणसं आमच्याशी बोलताना स्पीड आणि इंजिन नंबर सांगायची, कारण आम्ही तेच विचारायचो. तुम्ही समोर बसलात आणि सिग्नलच्या केबिनमध्ये काम केलेल्या एका केबिनमन काकांना विचारलंत की टोकन, म्हणजे ड्रायव्हरला पुढे जायची परवानगी म्हणून मिळणारा गोळा, हरवलं तर काय व्हायचं? काका सरळ बसले आणि मग थांबलेच नाहीत. सिंगल लाइनवर दोन स्टेशनांची मशीन एकमेकांना विजेने जोडलेली असायची, एका टोकाला गोळा बाहेर काढला की दुसरा गोळा कुठल्याच टोकाला निघायचा नाही, म्हणून त्या सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी, आणि तो गोळा हातात नसेल तर ड्रायव्हर गाडी पुढे न्यायचा नाही. मशीन बिघडलं की पेपर लाइन क्लिअर, म्हणजे समोरच्या स्टेशनशी बोलून, खूण म्हणून त्यांचा प्रायव्हेट नंबर घेऊन, फॉर्मवर लिहून परवानगी. रात्री पावसात टोकनची कडीतली पिशवी धावत्या गाडीच्या फुटप्लेटवर, म्हणजे इंजिनात ड्रायव्हर उभा असतो तिथे, द्यायची ते त्यांनी हात वर करून दाखवलं. हे पुस्तकात सापडतं, पण तो हात सापडत नाही. तुम्ही आधी त्यांची लेखी परवानगी घेतलीत, रेकॉर्डिंग त्यांना ऐकवलंत, जे नको ते काढलंत. त्यानंतर रुळांची देखभाल करणारे गँगमन आणि की-मन, सांधे बदलणारे पॉइंट्समन, त्यांच्या घरच्या बायका, सगळे बोलायला तयार झाले, क्वार्टरमधलं आयुष्य, बदल्या, नाइट ड्युटी सगळं यायला लागलं.

मध्ये एकदा आम्ही फार खचलो होतो, पैसे नाहीत, जागा पुरत नाही, तेव्हा तुम्ही वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेची माहिती शोधून आणलीत. ऑक्टोबर 1950 मध्ये बर्मिंगहॅमला काही साधी माणसं एका सभेला जमली, बंद पडायला आलेली एक छोटी नॅरोगेज लाइन वाचवायची म्हणून सोसायटी काढली आणि 1951 च्या मे मध्ये स्वयंसेवकांनी गाडी चालवली, ती अजून चालते. आपण काही लाइन चालवणार नाही. पण एका सभेतून एवढं होऊ शकतं हे त्या दिवशी ऐकणं फार गरजेचं होतं.

आणि ते दोन नियम तुम्ही भांडून घातलेत त्याबद्दल वेगळे आभार. फोटोसाठी रुळावर उतरायचं नाही, आणि रेल्वेच्या आवारातली कुठलीही वस्तू, गंजलेला बोल्ट का असेना, परवानगीशिवाय उचलून आणायची नाही. तेव्हा काही जण नाराज झाले होते. आज रेल्वेतली माणसं आपल्यावर विश्वास ठेवतात, स्वतःहून बोलावतात, ते या नियमांमुळेच.

तुम्ही आता रोज येत नाही, ठीक आहे, तब्येत आधी. रजिस्टरचा दुसरा भाग सुरू केलाय, कॉलेजमधली दोन मुलं नोंदी करतात आणि अक्षर छान आहे दोघांचं. नकाशांचा गठ्ठा मात्र तसाच पडलाय, मोठे नकाशे घडी न घालता ठेवायचे कसे यावर आमच्यात एकमत होत नाहीये, तेवढं येऊन एकदा सांगा. गाडी पाठवतो.

ताई, मनापासून खूप खूप आभार.

तुमचेच,
क्लबमधले आम्ही सगळे