ग्रेडर किती दिवसांनी येतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी मूळचा मंगळवेढ्याचा. गेली चौदा वर्षं अमेरिकेत, कॅन्सस राज्याच्या पश्चिम भागात ज्वारीच्या बियाण्याचं काम करतो. इथे तिला ‘मायलो’ म्हणतात आणि तिची भाकरी कुणी थापत नाही. ती जनावरांच्या खाद्यात आणि इथेनॉलमध्ये जाते. आपला पेपर रोज मोबाइलवर वाचतो. जिल्हा परिषदेच्या बातम्यांत कुठल्या गटात कुणाचं पारडं जड, कोण कुणाला सोडून गेला, हे सगळं येतं. त्या गटात पाच वर्षांत पैसा किती आला आणि कुठे मुरला, हे मात्र शोधून सापडत नाही. म्हणून हे पत्र.

आमच्या काउंटीत ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी कमिशनरपदाची प्राथमिक फेरी आहे, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारांनीच ठरवायची निवडणूक. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा, पण वस्ती तीन हजारांच्या आत. कारभार तीन कमिशनरांच्या हाती. प्रत्येकाचा विभाग वेगळा, मुदत चार वर्षं. वर कलेक्टर नाही की सीईओ नाही. रस्ते, पूल, तुरुंगाचा खर्च, अँब्युलन्स, दवाखान्याला द्यायची रक्कम, सगळं हे तिघं ठरवतात. तण मारायचं खातंसुद्धा काउंटीचं. (कायद्यानं मारायच्या तणांच्या यादीत जॉन्सन ग्रास आहे, म्हणजे आपलं बरू. ज्वारीची ही भाऊबंदकी इथेही सुटलेली नाही.)

आमच्या विभागात उमेदवार दोन. एक गहू आणि मायलोवाला शेतकरी, दुसरा काउंटीच्या रस्तेखात्यातून निवृत्त झालेला ग्रेडर ड्रायव्हर. (ग्रेडर म्हणजे लांब ब्लेडनं रस्ता सपाट करणारं यंत्र.) गव्हाची काढणी उरकल्यावर दोघंही दारोदार फिरले. शेतकरी म्हणाला, कर दोन मिलनं (हे कराच्या दराचं माप, पुढे सांगतो) खाली आणतो. मी विचारलं, मग आमच्या रस्त्यावर ग्रेडर किती दिवसांनी येणार? कारण जूनमध्ये धान्याचे ट्रक धावले की हा खडीचा रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा होतो, गाडीचे नट ढिले होतात. तो म्हणाला, बघू, काटकसर करून बसवू. दुसरा आला तो गाडी फाटकाबाहेरच लावून. बुटाच्या टोकानं रस्ता उकरला आणि म्हणाला, “इथे खडीच उरलेली नाही. नुसतं ब्लेड फिरवून धूळ इकडची तिकडे होईल. आधी खडी टाकायला हवी.” पैसे कुठून आणणार, असं विचारल्यावर सरळ बोलला, “कर कमी होणार नाही.” मत मागायला आलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

‘मिल’ म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. करपात्र किमतीच्या हजार डॉलरला एक डॉलर म्हणजे एक मिल. कॅन्ससमध्ये राहत्या घराची करपात्र किंमत बाजारभावाच्या साडेअकरा टक्के धरतात. लाख डॉलरच्या घराला ती 11,500 होते, म्हणजे एका मिलचे साडेअकरा डॉलर. हा हिशोब इथल्या म्हाताऱ्या बायांनाही तोंडपाठ असतो. शिवाय 2021 च्या कायद्यानं एक अट घातली आहे. मालमत्तेच्या करातून गेल्या वर्षीपेक्षा जास्त पैसा गोळा करायचा असेल, तर आधी प्रत्येक मालकाला टपालानं कागद पाठवायचा. तुमचा कर आज इतका, आम्ही मागतोय इतका, सुनावणी अमुक दिवशी, अमुक वाजता. सुनावणीनंतर कमिशनरांनी एकेक करून मत द्यायचं, कुणी काय मत दिलं त्याची नोंद राहते. तो कागद आमच्याकडे फ्रिजवर चिकटवलेला असतो.

आपल्याकडे जिल्हा परिषदेचा बहुतेक पैसा मुंबई-दिल्लीहून येतो. घरातून गेलेला नसल्यामुळे त्याचा हिशोब मागावा असं कुणाला वाटत नाही. सदस्यही मग ‘निधी आणला’ असा फ्लेक्स लावून मोकळा. माझ्या मते दुखणं हे आहे. इथली माणसं आपल्यापेक्षा फार जागरूक आहेत असं मुळीच नाही.

तशी नसल्याचा पुरावाही देतो. या भागात रिपब्लिकन पक्षाची प्राथमिक फेरी जिंकली की नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती उरते. डेमोक्रॅट म्हणून नोंद असेल तर 1 जूनपूर्वी पक्ष बदलायचा, नाहीतर ऑगस्टमध्ये या दोघांतून निवडताच येत नाही. ग्रेडरला कसला आलाय पक्ष? पण पद्धत आहे. आणि कर कमी करा म्हणणाऱ्यांत असेही आहेत, ज्यांना दवाखान्याची अडचण रात्री दोन वाजता कळेल. आमच्या मुलीच्या वेळी बाळंतपणाची सोय इथे नव्हती, सत्तर मैल गाडी हाकावी लागली. आहे तेवढा दवाखानाही काउंटीच्या मिलवर तगून आहे. म्हणून माझं मत ग्रेडरवाल्याला.

एक गंमत मात्र आवडते. बैठकांच्या कायद्यानुसार तिघांपैकी दोघांनी काउंटीच्या कामाविषयी खासगीत बोलायचं नाही, कारण दोघं म्हणजे बहुमत. धान्याच्या कोठारापाशी सकाळी कॉफीचा अड्डा जमतो. एक कमिशनर बसलेला असताना दुसरा आत शिरला, की पहिला कप उचलतो आणि पलीकडच्या टेबलावर जातो. कामाचं बोलणं कोर्टहाउसमधल्या बैठकीत, लोकांसमोर.

सोलापूर जिल्हा परिषदेचे 68 गट. मार्च 2022 मध्ये मुदत संपली, प्रशासक बसले आणि निवडणूक वर्षानुवर्षं लांबली. त्याविरुद्ध गावात कुणी ओरडल्याचं माझ्या कानावर आलं नाही. आपल्याला विनंती एवढीच की प्रत्येक गटाचा हिशोब एका चौकटीत छापावा. शाळाखोल्या किती झाल्या, प्राथमिक आरोग्य केंद्रावर काय खर्च झाला, कुठला रस्ता कितीला पडला. जातीची गणितं त्याच्या खाली आली तरी चालतील.

परवा आईला फोनवर विचारलं, आपल्या गटाचा सदस्य कोण होता गं? तिनं सरपंचाचं नाव सांगितलं, आमदाराचं सांगितलं. मधलं आठवेना. मग दारासमोरचा रस्ता कुणी केला, असं विचारलं तर म्हणाली, “ठेकेदारानं.”

आपला,
एक वाचक, पश्चिम कॅन्सस